दहाच्या आकड्याजवळची चकती

धम्मरत्न पाईकरावांनी प्लास्टिकची पुडी उलटी केली, तशी घड्याळाची काच टेबलावरच्या हिरव्या कापडावर पडली. अख्खी. ना तडा, ना टवका. त्यांनी ती चिमट्यात धरून उजेडाकडे केली, कडेवरून बोट फिरवलं आणि डोळ्यावरचं भिंग कपाळावर सारलं.

"ही निघाली कशी?"

"निघाली नाही काका, उडाली," समोरचा तरुण म्हणाला. "ठप्पकन. समोरच्या पत्र्यावर जाऊन आदळली."

पुसदच्या बाजारात चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेल्या माणसाला निखळलेल्या काचांचं काय अप्रूप! बैलाच्या पायाखाली गेलेल्या, लग्नाच्या वरातीत चेंगरलेल्या, भांडणात भिंतीवर फेकलेल्या, सगळ्या तऱ्हेच्या काचा या टेबलावर येऊन गेल्या होत्या. पण त्या सगळ्या आत दबलेल्या असत. बाहेर उडालेली आणि वर शाबूत राहिलेली काच त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. त्यांनी उत्सुकतेनं घड्याळ उचललं. जड पोलादी विदेशी घड्याळ, काळी तबकडी, जाडजूड कडं. हातात घेतल्याबरोबर त्यांनी ते ओळखलं.

दिवाळीत हेच घड्याळ याच टेबलावर आलं होतं. फक्त आणणारा हा पोरगा नव्हता. आणणारा आत्ता पोराच्या मागे बाकड्यावर बसला होता आणि कूलरच्या जाळीकडे असा बघत होता, जणू त्या जाळीत काही छापून आलंय.

"काय पूनमसिंगभाऊ," पाईकराव म्हणाले, "हा पोरगा का तुमचा?"

"हाव. शाम. समुद्रात असते कामाले." पूनमसिंग राठोडांनी जाळीवरची नजर काढली नाही. "तुमचं नाव म्याच सांगतलं त्याले. घड्याळ पयल्यांदाच आनलं तुमच्याकडं."

पयल्यांदाच! पूनमसिंग खोटं बोलणारा माणूस नव्हता. तांड्यावरचा सरळ कास्तकार, दर बाजाराच्या दिवशी दुकानापुढे थांबून राम राम केल्याशिवाय पुढे जात नसे. त्यानं असं तोंडावर बोलावं म्हणजे काहीतरी कारण असणार. पाईकरावांनी मान डोलावली आणि भिंग पुन्हा डोळ्यावर घेतलं.

दिवाळीतला तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. पूनमसिंग रुमालात घड्याळ गुंडाळून आला होता, धापा टाकत. पोरगा जेवून झोपलाय, तो उठायच्या आत पाहिजे, म्हणाला. घड्याळाच्या कडेला, दहाच्या आकड्याजवळ, पोलादाची एक छोटी गोल चकती होती आणि तिच्या भोवती केसाएवढी फट. नखानं दाबली तर जरा हलल्यासारखी वाटायची. यातून पाणी जाईल, हे बुजवून द्या, एवढंच त्याचं म्हणणं. पाईकरावांना ते शंभर टक्के पटलं. जिनिंगमधल्या माणसांच्या घड्याळात रुईचे तंतू, कास्तकारांच्या घड्याळात फवारणीचं पाणी आणि उरलेल्या गावाच्या घड्याळात धूळ, हेच काढण्यात त्यांचा जन्म गेला होता. फट म्हणजे शत्रू. त्यांनी दोन ट्यूब मिसळून गोंद केला, सुईच्या टोकानं फटीत भरला, सुकल्यावर घासून असा सपाट केला की भिंगातूनही दिसू नये. इतकं नामी काम कुणी बघणार नाही याचं त्यांना तेव्हा वाईटही वाटलं होतं.

आता भिंगाखाली त्यांनी पहिल्यांदा तीच जागा पाहिली. गोंद जागच्या जागी होता. आतही पाण्याचा डाग नाही, गंजाचा ठिपका नाही. मनातल्या मनात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली.

"पाणी त गेलंच नाही आत," ते म्हणाले.

"पाण्याचा सवालच नाही काका. हे पाण्यात उडालीच नाही."

"मंग?"

शामनं स्टूल पुढे ओढलं. तिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, नेव्हीत राहून आल्यामुळे पाठ ताठ. "मले तुमच्याकडून एकच गोष्ट पाहिजे. हे घड्याळ असली आहे का नकली, तेवढं सांगा. पाच वाजेच्या आत मले कंपनीले फोन करा लागते."

"घड्याळासाठी कंपनीले फोन?"

"घड्याळासाठी नाही. मानसासाठी."

आणि मग त्यानं सांगितलं. हे घड्याळ त्याला अमर सरांनी दिलं होतं. नेव्हीतले त्याचे वरिष्ठ, मालवणकडचे. नेव्ही सोडल्यावर त्यांनीच त्याला या पाणबुड्या माणसांच्या कंपनीत आणलं. समुद्रातल्या तेलविहिरींच्या पाइपलाइनवर काम. शामची पहिली मोठी पाळी पार पडली त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मनगटावरचं काढून त्याच्या मनगटावर बांधलं. ना डबा, ना कागद. आणि आता मागच्या पाळीत काच उडाली. सोबतचे हसले. चायना माल, म्हणाले. शामचं डोकं सरकलं.

"म्या सरले सगळ्यायच्या समोर म्हटलं, डुप्लिकेट घड्याळ देऊन उपकार केल्याचं कायले दाखवता? ते काही भांडले नाही. इतकंच म्हणाले, माझ्या मनगटावर ते अकरा वर्षं होतं. मंग बोलनंच बंद. आन तथून बाहेर जाता येत नव्हतं आमाले. दोन दिवस तसेच बसून होतो, गुडघ्याले गुडघा लावून."

"बाहेर काहून जाता येत नव्हतं?"

"टाकीत होतो ना काका."

पाईकरावांचे हात थांबले. चाळीस वर्षांच्या धंद्यात त्यांची एक खोड काही गेली नव्हती. गिऱ्हाईक काय बोलतंय त्यापेक्षा घड्याळ कुठे कुठे जाऊन आलंय, याची त्यांना भारी चौकशी. त्यांनी चिमटा खाली ठेवला. "कायची टाकी? नीट सांग."

शामला सांगावं लागलं. जहाजावर लोखंडी टाकी असते, आपल्या काळीपिवळी गाडीएवढी. तीत सहा जण राहतात. अठ्ठावीस दिवस. जेवण एका छोट्या दारातून आत येतं. समुद्राच्या तळाशी, ऐंशी मीटरवर, पाण्याचा जेवढा दाब असतो तेवढाच दाब गॅस भरून टाकीत ठेवलेला असतो. कामाला निघायचं तेव्हा टाकीला जोडलेल्या घंटेसारख्या डब्यात बसायचं. त्याला बेल म्हणतात. बेल खाली जाते, काम करायचं, बेलमधून परत टाकीत. म्हणजे माणूस जहाजावर असला तरी अंग खोल पाण्यातच असतं.

बाकड्यावर पूनमसिंगनं मान वळवली. हे तो पहिल्यांदाच ऐकत होता, हे त्याच्या चेहऱ्यावरून कुणालाही कळलं असतं. पोरगा समुद्रात उतरतो एवढं त्याला ठाऊक होतं. उतरतो म्हणजे तांड्यावरच्या विहिरीत उतरावं तसा, बुडी मारतो आणि वर येतो, अशीच त्याची समजूत. पोराला पोहायला त्यानंच शिकवलं होतं.

"अठ्ठावीस दिवस टाकीत?" तो म्हणाला. "हे तू कधी सांगतलं नाही."

"काय सांगू बा. याडीले झोप आली नसती." आईचं नाव पुढे करून शाम बापाकडे न बघताच बोलला.

"बरं, मंग काच?" पाईकरावांना दम नव्हता. "टाकीत पाणी नाही, मंग काच कशानं उडन?"

"गॅसनं. तितक्या दाबात साधी हवा घेतली त मानसाले नशा चढते. म्हनून हेलियम देतात, फुग्यात असते ते. आवाज असा होते ना काका, बदकासारखा. सहाही जन क्वॅक क्वॅक करत बसतो." त्या दिवसातलं पहिलं हसू त्याच्या तोंडावर आलं आणि लगेच गेलं. "आन ते हेलियम इतकं बारीक असते का घड्याळात घुसते."

"माह्या हातचं, झाकणाखालचं रबर असलं तरी?"

"कोनाच्याही हातचं असू द्या. पानी थांबते तथी, हेलियम नाही थांबत. आठ-दहा दिवसांत आत जाऊन बसते."

पाईकरावांना हे रुचलं नाही. जिथून पाणी जात नाही तिथून काही जातं, हे ऐकणंच त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. पण समोर काच होती, आणि ती बाहेर उडालेली होती. "जाऊ दे आत. बसू दे. त्यानं काय बिघडते?"

"खाली असेपर्यंत काहीच नाही. आतबाहेर सारखाच दाब. पाळी संपली का मंग आमाले वर आनतात. म्हनजे टाकीतला दाब हळूहळू कमी करतात. चार दिवस लागतात. बाहेरचा दाब उतरते, अन् घड्याळातला तसाच राह्यते."

"ज्या वाटेनं आत गेलं त्याच वाटेनं बाहेर काहून नाही येत?"

"येते, पन धीरेधीरे. तितका टाइम कोन देते त्याले? मंग ते आतून काचेले धक्का मारते."

पाईकरावांनी काच उचलून घड्याळाच्या घराच्या खाचेवर धरली, बाहेरून दाबली. ती चपखल बसली. मग उलटं केलं, आतून बोट लावलं. काच अलगद बाहेर आली. कुणी अडवलंच नाही तिला. बाहेरून कितीही दाबा, खाच तिला धरून ठेवते. आतून धरायला मात्र काहीच नाही. त्यांनी दोन-तीनदा तसंच करून पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळात बाहेरून काय येईल याचीच काळजी केली होती. आतून काही बाहेर येऊ पाहील, हा विचार त्यांच्या डोक्याला एकदाही शिवला नव्हता.

"म्हनजे तुमच्या सगळ्यायच्याच काचा उडत असतीन," ते म्हणाले.

"नाही ना. कोनी चाबी सैल करून ठेवते. आन या घड्याळाले ते पन करा लागत नाही. याले व्हॉल्व्ह आहे." शामनं बोट टेकवलं. दहाच्या आकड्याजवळ. "हे चकती. हिच्या मांगं स्प्रिंग असते. आतला दाब जास्त झाला का चकती उचलते, गॅस सुटते, चकती परत बसते. फक्त आतून बाहेर. बाहेरून आत एक थेंब नाही. कुकरच्या शिट्टीसारखं समजा."

पाईकरावांनी चकतीकडे पाहिलं. मग न कळत पूनमसिंगकडे. पूनमसिंगही त्यांच्याकडेच बघत होता, आणि त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

कुकरची शिट्टी. आणि ती आपण गोंद घालून बुजवली! वरून घासून गुळगुळीत केली! पाईकरावांनी उगाचच कापड झटकलं, उगाचच चिमटे सरळ लावले.

"सर म्हणाले होते, तुले काही करा लागत नाही, व्हॉल्व्ह सांभाळून घेईन," शाम सांगत होता. "दोन पाळ्या काहीच झालं नाही. दिवाळीनंतरच्या पाळीत उडाली. नकली घड्याळात व्हॉल्व्ह नुसता दिसाले बसवतात काका. शोभेचा. मांगं काहीच नसते. तसंच असन ना हे?"

"असली असन त?"

"असली असन त म्या त्या मानसाचा पानउतारा केला, आन ते पन खोट्यानं. चार तारखेले परत पाळी आहे. म्या कंपनीले सांगतलं, मले अमर सरच्या टीममधे टाकू नका. पाच वाजता यादी बंद होते. ही त्यायची शेवटची पाळी आहे, मंग ते रिटायर."

"मंग?" पूनमसिंग एकदम मध्येच बोलला. "ते चकती बंद पडली त काच उडते. आन मानसाचं काय होते? मानसाच्या आतबी जात असन ना ते हेलियम."

शाम वळला. बापाकडून असा प्रश्न येईल असं त्याला वाटलं नसावं. "जाते बा. रगतात, हाडात, सगळीकडं. मानसाले व्हॉल्व्ह नाही. म्हनून त चार दिवस लावतात आनाले."

"आन कोनी लवकर आनलं त?"

"नाही आनत."

पूनमसिंग पुन्हा कूलरकडे बघू लागला, पण आता तो जाळी बघत नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळांत साडेतीन वाजले होते. पाईकरावांनी मागचं झाकण खोललं, यंत्र काढून डबीत ठेवलं आणि रिकाम्या घरात आतल्या बाजूनं लाकडी काडी घालून चकती दाबली. चकती ढिम्म हलली नाही. शाम वरून वाकून बघत होता.

"हलत नाही ना?" तो म्हणाला. "नकलीच आहे."

त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. खरं तर ते नकली निघू नये असंच त्याला वाटत होतं. म्हणूनच तर तो एवढ्या उन्हात गावातल्या एकमेव जुन्या घड्याळवाल्याकडे आला होता. पाईकरावांना ते ऐकवेना.

"थांब ना बावा. घाई कायची आहे?" ते म्हणाले आणि स्टूल फिरवून पोराकडे पाठ केली.

स्पिरिटच्या दिव्यावर त्यांनी सुई तापवली. दिवाळीत ज्या सुईनं गोंद भरला, बहुधा तीच. फटीत टोक घालून त्यांनी गोंद मऊ केला, खरवडला, परत तापवला, परत खरवडला. पिवळट भुगा कापडावर पडत गेला. स्वतःचंच काम उपसताना त्यांना दिसत होतं की ते किती चांगलं झालं होतं. साऱ्या जिल्ह्यात कुणाला जमलं नसतं असं. आणि त्याच वेळी मनात चालू होतं: सांगावं का? सांगितलं तर पूनमसिंग पोरासमोर उघडा पडतो. तो स्वतः गप्प आहे, आपण कशाला बोलायचं? आणि आपलं नाव? पाईकरावांनी विदेशी घड्याळाची वाट लावली, हे बाजारात पसरायला चहा प्यायचाही वेळ लागायचा नाही. मुख्य म्हणजे पोराला हवंय ते उत्तर तर मिळतंच आहे. घड्याळ असली. बात खतम.

त्यांनी आतून पुन्हा काडी दाबली. चकती बारीक उचलली आणि टिक करून परत बसली. परत दाबली, परत टिक. वा! एवढ्याशा जागेत केवढी अक्कल भरली होती कुणीतरी! घटकाभर ते सगळं विसरून नुसती चकती दाबत राहिले.

"पाह्य," ते वळून म्हणाले. "असली आहे. शंभर टक्के."

शामनं काडी हातात घेऊन स्वतः दाबून पाहिलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग त्यानं डोळे पुसले. घामच होता असंही म्हणता आलं असतं, पण नव्हता.

"मंग अडकलं काहून?"

पाईकरावांनी भुग्यावरून कापडाची घडी ओढली. "मीठ," ते म्हणाले. "समुद्राचं मीठ बसलं होतं फटीत."

बस. झालं. एका शब्दात सगळे सुटले, असं त्यांना वाटलं.

शामचा हात कपाळावर गेला. "मीठ! सर दर वेळी सांगत होते, काम करून आलं का गोड्या पान्यानं धूत जा, धूत जा. म्या आळस केला. घान माही, आन नकली म्हटलं त्यायले." तो स्टुलावर बसला, ताठ पाठ पहिल्यांदाच वाकली. "आता कोनत्या तोंडानं जाऊ त्यायच्यापुढं? नाही काका. दुसऱ्या टीममधेच जातो. त्यायले तोंड न दाखवलेलंच बरं."

"अरे, असं कसं? फोन करून माफी माग ना."

"काय सांगू फोनवर? का मले घड्याळ धुवाची अक्कल नाही म्हनून तुमचा अपमान केला? म्या पाचले सांगून देतो, यादी तशीच राहू द्या." त्यानं मोबाईल काढला. "पाचले कायले, आत्ताच सांगतो."

"मीठ नाही ते," पूनमसिंग म्हणाला.

कूलरच्या घरघरीत ते नीट ऐकू आलं नाही म्हणून शामनं "हं?" केलं.

पूनमसिंग उठून टेबलापाशी आला. पाईकरावांनी घातलेली घडी त्यानं उलगडली आणि पिवळा भुगा बोटावर घेऊन पोरापुढे धरला. "मीठ पांढरं असते. हा गोंद आहे. दिवाळीत तू जेवून झोपला होता तवा म्या हे घड्याळ इथं आनलतं. यायच्याकडून भोक बुजवून घेतलं. पाईकराव माह्यासाठी खोटं बोलून राह्यले."

"तुमच्यासाठी कायचं," पाईकरावांना आता गप्प बसवेना. "माह्यासाठी बोललो. चाळीस वर्षं झाले हात चालवून राह्यलो, आन हे भोक कशाचं आहे हे विचाराची बुद्धी नाही झाली मले. भोक दिसलं, बुजवलं. गाढवपना माहा आहे पोरा."

शाम एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिला. मोबाईल हातात तसाच. "पन काहून बा?" तो शेवटी म्हणाला. "मले विचारलं असतं."

"काय विचारतो? तू काही सांगतं का?" पूनमसिंगचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "फट दिसली मले. म्हटलं, यातून पानी जाईन, घड्याळ बंद पडन. बंद पडलं त तुले खाली कसं समजन, का आता वर जावाचं आहे म्हनून? आमी गाळ काढाले विहिरीत उतरो, तवा वरतं एक मानूस दोरी धरून राहे. टाइम झाला का झटका दे. तुले तथी कोन आहे झटका द्याले? एवढा मोठा समुद्र. म्हटलं, एक घड्याळच त आहे पोराजवळ."

बाहेरून एक लुना फटफटत गेली. पाईकरावांनी मान खाली घालून यंत्राच्या डबीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

"दोरी असते बा," शाम हळूच म्हणाला.

"असते?"

"असते. मनगटाएवढी जाड. तिच्यातूनच श्वास येते, अंग गरम ठेवाले पानी येते, बोलनं येते. ते असल्याबिगर कोनी बेलच्या बाहेर पाय टाकत नाही."

पूनमसिंगनं हे मनात नीट बसवून घेतलं. विहिरीत उतरणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न आपोआपच पडतो; त्याला तो पडला.

"आन धरते कोन?"

"एक जन बेलमधे मांगं राह्यते. तो धरते. लागन तेवढी सोडते, टाइम झाला का ओढते."

"ते समजलं. तुही कोन धरते?"

शामनं हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. भिंतीवरच्या घड्याळांत चाराला पाच कमी होते, काहींत सात.

"अमर सर," तो म्हणाला.

पूनमसिंगनं बोटाचा भुगा धोतराला पुसला आणि हात पुढे केला.

"लाव त्यायले फोन. पयले मी बोलतो."